मांडणी आणि निवड : न लिहिता मोजण्याचे गणित

के, शो, री ही तीन अक्षरे तीन चिठ्ठ्यांवर लिहून चिठ्ठ्या एका ओळीत ठेवल्या, तर सहा शब्द तयार होतात : केशोरी, केरीशो, शोकेरी, शोरीके, रीकेशो, रीशोके. त्यांपैकी पहिला शब्द म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्याचे, इटियाडोह धरणाच्या भागातील एक गाव. उरलेल्या पाचांना अर्थ नाही, पण मोजणीत त्यांचा मान तेवढाच आहे. सहा ही संख्या शब्द लिहून न काढताही सापडते. पहिल्या जागी तिन्हींपैकी कोणतेही अक्षर येऊ शकते. ते ठेवल्यावर दुसऱ्या जागेसाठी दोन अक्षरे उरतात आणि तिसऱ्या जागेसाठी एकच. म्हणून ३ × २ × १ = ६. या गुणाकाराला ३ चे क्रमगुणित म्हणतात आणि ते ३! असे लिहितात.

वस्तू न मांडता मांडण्या मोजणे, नावे न लिहिता निवडी मोजणे, हा गणिताच्या या शाखेचा विषय. मांडणीला क्रमचय आणि निवडीला समचय असे शास्त्रीय शब्द आहेत. महाविद्यालयात पर्म्युटेशन आणि कॉम्बिनेशन हीच नावे अधिक रुळली आहेत. अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण अवघड वाटते. त्याचे कारण त्यातला गुणाकार नव्हे. कोणत्या दोन गोष्टी ‘वेगळ्या’ मानायच्या हे आधी न ठरवता सूत्राकडे धाव घेतली जाते, तिथे घोटाळा होतो. हे एकदा ठरले की सूत्र आपोआप हाती येते.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा नियम आहे. धानाची कापणी-मळणी उरकली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. समजा, एका मंडळीची सहा नाटके बसलेली आहेत आणि केशोरी, गोठणगाव, नवेगावबांध व अर्जुनी मोरगाव या चार ठिकाणी ठरलेल्या तारखांना एकेक प्रयोग करायचा आहे. एकच नाटक पुन्हा करायला हरकत नसेल, तर प्रत्येक ठिकाणी सहा पर्याय आहेत. एकूण बेत ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १,२९६. चारही ठिकाणी वेगळे नाटक हवे असेल, तर दुसऱ्या गावासाठी पाचच पर्याय उरतात, तिसऱ्यासाठी चार, चौथ्यासाठी तीन. बेत होतात ६ × ५ × ४ × ३ = ३६०. एका पाठोपाठ एक निर्णय घ्यायचे असतील तर पर्यायांचा गुणाकार होतो. ‘हे किंवा ते’ असे असेल तर बेरीज. गाड्यांचे क्रमांकही याच नियमाने मोजता येतात. गोंदिया जिल्ह्यातल्या गाड्यांवर ‘एमएच ३५’ नंतर दोन रोमन अक्षरे आणि चार अंक असतात. एक व शून्य या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून दोन अक्षरे वगळली जातात, त्यामुळे २४ उरतात. अक्षरांच्या जोड्या २४ × २४ = ५७६ आणि प्रत्येक जोडीत ०००१ ते ९९९९ असे ९,९९९ क्रमांक. दोन अक्षरांच्या मालिकेत एका जिल्ह्याला ५७,५९,४२४ क्रमांक मिळतात.

मांडणी आणि निवड यांतला फरक जिल्ह्याच्या नकाशावरच पाहता येतो. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात आठ तालुके आहेत : गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. एखाद्या अधिकाऱ्याला या आठांपैकी तीन तालुक्यांना सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन दिवशी भेट द्यायची आहे. सोमवारसाठी आठ पर्याय, मंगळवारसाठी सात, बुधवारसाठी सहा. दौऱ्याचे आराखडे ८ × ७ × ६ = ३३६. आता प्रश्न थोडा बदलू. आठांपैकी तीन तालुके एखाद्या योजनेसाठी निवडायचे आहेत, कोण आधी कोण नंतर याला महत्त्व नाही. देवरी-आमगाव-तिरोडा आणि तिरोडा-देवरी-आमगाव हे दौरे म्हणून दोन, पण निवड म्हणून एकच. तीन तालुक्यांचे प्रत्येक त्रिकूट ३३६ च्या यादीत ३! म्हणजे सहा वेळा आलेले आहे. म्हणून खरी त्रिकुटे ३३६ ÷ ६ = ५६.

हा भागाकारच या विषयाचे मर्म आहे. पाठ्यपुस्तकात निवडीचे सूत्र स्वतंत्र चौकटीत छापलेले असते आणि विद्यार्थी ते मांडणीच्या सूत्राशेजारी पाठ करतो. प्रत्यक्षात ती दोन सूत्रे नाहीत. आधी क्रम धरून मोजायचे, मग एकच निवड किती वेळा मोजली गेली ते पाहायचे आणि तेवढ्याने भागायचे. प्रश्न हातात आला की मनात एक अदलाबदल करून पाहावी : निवडलेल्या दोघांच्या जागा बदलल्या तर उत्तर बदलते का? बदलत असेल तर मांडणी, बदलत नसेल तर निवड. सरपंच आणि उपसरपंच ठरवताना अदलाबदलीने निकाल बदलतो. दोन सदस्यांची समिती नेमताना बदलत नाही.

निवडीचा आणखी एक गुण लक्षात घेण्यासारखा आहे. आठांतून तीन घेणे म्हणजे आठांतून पाच सोडणे. म्हणून आठांतून पाच निवडण्याचे मार्गही ५६ च. आठांतून दोन निवडण्याचे मार्ग २८, आणि आठांतून सहा निवडण्याचेही २८. आठ कबड्डी संघांच्या स्पर्धेत प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवायचे असेल तर २८ सामने लागतात. बाद पद्धतीने खेळवले तर सातच, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो आणि सात संघ बाहेर गेले की विजेता उरतो.

मांडणी आणि निवड एकाच प्रश्नात गुंफलेली कशी असतात, हे खो-खोमध्ये फार छान दिसते. या खेळाचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. पारंपरिक नियमांनुसार संघात बारा खेळाडू, त्यांतले नऊ मैदानात. बारांतून नऊ निवडणे म्हणजे तिघांना राखीव ठेवणे : (१२ × ११ × १०) ÷ (३ × २ × १) = २२०. आता बचावाची पाळी. बचाव करणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी आत येतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी. पहिल्या तुकडीतले तिघे कोण आणि दुसऱ्या तुकडीतले कोण यावर कर्णधाराची सारी आखणी असते, पण एका तुकडीतल्या तिघांच्या आपसातल्या क्रमाला इथे महत्त्व नाही. म्हणजे तुकड्यांमध्ये क्रम आहे, तुकडीच्या आत नाही. नऊ जणांच्या मांडण्या ३,६२,८८०. प्रत्येक तुकडीत सहा-सहा मांडण्या एकच ठरतात, म्हणून ६ × ६ × ६ = २१६ ने भागायचे. उत्तर १,६८०. संघनिवडीसह पाहिले तर कर्णधारापुढे २२० × १,६८० = ३,६९,६०० पर्याय असतात. सरावात तो त्यातले चार-पाचच आजमावतो आणि अनुभवावर बाकीचे बाजूला ठेवतो.

वस्तू एकसारख्या असल्या तर? सालेकसा या तालुक्याच्या नावात चार अक्षरे आहेत, पण ‘सा’ दोनदा. चार वेगळ्या अक्षरांच्या मांडण्या २४ झाल्या असत्या. दोन ‘सा’ एकमेकांच्या जागी गेले तरी शब्द तोच राहतो, म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा मोजला गेला. म्हणून २४ ÷ २ = १२. नियम तोच : आधी सगळे वेगळे समजून मोजायचे, मग जादा मोजलेले भागून काढायचे.

हा भागाकार मराठी मुलखाला साडेआठशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला आणि ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग. त्याच्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे. त्यात ४, ८, ५, ५, ५ हे पाच अंक घेऊन किती संख्या होतील आणि त्या सर्वांची बेरीज किती, असा प्रश्न आहे. पाच अंकांच्या मांडण्या १२०. तीन पाच सारखे म्हणून ३! = ६ ने भागायचे; संख्या २०. बेरजेसाठी या वीसच्या वीस संख्या लिहायची गरज नाही. प्रत्येक स्थानी अंकांची सरासरी सारखीच असते. पाच अंकांची बेरीज २७. वीस संख्यांत प्रत्येक स्थानाची बेरीज २० × (२७ ÷ ५), म्हणजे २७ × ४ = १०८ येते, आणि १०८ × ११,१११ = ११,९९,९८८. हेच २ ते ९ या आठ अंकांसाठी केले तर संख्या होतात ४०,३२० आणि त्यांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०. कागदावर चाळीस हजार संख्या न उतरवता ही बेरीज दोन ओळींत येते, हे बाराव्या शतकातल्या विद्यार्थ्याला किती विलक्षण वाटले असेल!

भास्कराचार्यांनी उदाहरणे देवळातून उचलली. विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ आणि शंख. या आयुधांची अदलाबदल केली तर मूर्तीचे प्रकार ४! = २४. मूर्तिशास्त्रात केशव, नारायण, माधव अशी जी २४ रूपे सांगितली आहेत आणि संध्येच्या आरंभी ज्यांची नावे घेतली जातात, ती याच २४ मांडण्या. पुढचे उदाहरण शंकराचे : दहा हात आणि पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य ही दहा आयुधे. प्रकार ३६,२८,८००. रोज एक मूर्ती घडवली तरी सगळे प्रकार पुरे व्हायला नऊ हजार नऊशेहून अधिक वर्षे लागतील. चार हातांवरून दहा हातांवर गेलो, एवढाच फरक. पण २४ चे छत्तीस लाख झाले. क्रमगुणिताची वाढ किती वेगाने होते, ते या दोन मूर्ती शेजारी ठेवल्या की कळते.

निवडीचा नियम ‘लीलावती’त याच्या बराच आधी, मिश्रव्यवहार या प्रकरणात येतो. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय या सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे रस मिसळून पदार्थाचे किती प्रकार होतील? वर ६, ५, ४, ३, २, १ आणि खाली १, २, ३, ४, ५, ६ मांडायचे आणि क्रमाने गुणत-भागत जायचे. ६ ÷ १ = ६, त्याला ५ ने गुणून २ ने भागले की १५, मग ४ ने गुणून ३ ने भागले की २०, पुढे १५, ६ आणि १. बेरीज ६३. आयुर्वेदातही रसांचे ६३ भेद सांगितले आहेत. दुसरे उदाहरण राजवाड्याच्या आठ झरोक्यांचे आहे. एक, दोन, तीन असे उघडे ठेवत गेल्यास ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १, एकूण २५५ प्रकार. आठ तालुक्यांच्या हिशेबातले २८ आणि ५६ इथे जसेच्या तसे दिसतात. हाच हिशेब दुसऱ्या बाजूने केला तर फारच सोपा आहे : प्रत्येक झरोका एकतर उघडा किंवा बंद, म्हणून २ चा आठ वेळा गुणाकार २५६, त्यातून सगळे बंद असलेला एक प्रकार वजा केला की २५५. एकच संख्या दोन वाटांनी मोजता आली की उत्तराची खात्री पटते, आणि या शाखेत ताळा घेण्याची याहून चांगली रीत नाही.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात पाटण इथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ काढला. इ. स. १२०७ मधल्या त्या दानाचा शिलालेख तिथल्या देवीच्या देवळात आहे आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. ज्या सिंघणाच्या पदरी चांगदेव होता, त्याच्याच दरबारात शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा वरिष्ठ अधिकारी होता. त्याचे घराणे काश्मीरहून दक्षिणेत आलेले. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यातल्या पहिल्या अध्यायात मांडण्यांचे गणित भास्कराचार्यांच्याही एक पाऊल पुढे गेले. हा ग्रंथ संगीताचा म्हणून गणिताच्या वर्गात त्याचे नावही निघत नाही, हे खरोखर खेदाचे आहे.

शार्ङ्गदेवापुढचा प्रश्न असा : सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन किती ताना होतात? उत्तर ७! = ५,०४०. पण त्याला संख्येवर थांबायचे नव्हते. सगळ्या ताना एकही न सुटता, एकही दोनदा न येता लिहायच्या कशा, यासाठी त्याने प्रस्ताराची रीत दिली. शेवटची लिहिलेली तान घ्यावी. डावीकडून चालत जाऊन, ज्याच्या डाव्या बाजूला त्याच्याहून खालचा स्वर आहे असा पहिला स्वर शोधावा. त्याच्या खाली, डावीकडे असलेल्यांपैकी त्याच्या लगतचा खालचा स्वर लिहावा. उजवीकडचे स्वर आहेत तसे उतरवावेत आणि उरलेले स्वर डावीकडे चढत्या क्रमाने भरावेत. तीन स्वरांसाठी ही रीत अशी चालते : सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. शेवटी पूर्ण उतरता क्रम आला की प्रस्तार संपला. आज संगणकाला सर्व मांडण्या क्रमाने तयार करायला सांगतात तेव्हा अशाच प्रकारची रीत त्याला शिकवलेली असते.

त्याहून सुंदर भाग नष्ट आणि उद्दिष्ट यांचा. नष्ट म्हणजे क्रमांक दिला असता तान शोधणे, उद्दिष्ट म्हणजे तान दिली असता तिचा क्रमांक शोधणे, दोन्ही प्रस्तार न लिहिता. सा, रे, ग, म या चार स्वरांच्या २४ तानांत पंधरावी तान कोणती? या प्रस्तारात पहिल्या सहा तानांच्या शेवटी म असतो, पुढच्या सहांच्या शेवटी ग, मग रे, मग सा. पंधराव्या तानेच्या आधी १४ ताना आहेत. १४ ला ६ ने भागले की भागाकार २, बाकी २. म्हणजे म आणि ग यांचे दोन गट संपले, शेवटचा स्वर रे. उरले सा, ग, म. आता गट दोन-दोन तानांचे. बाकी २ ला २ ने भागले की १, बाकी ०. एक गट ओलांडला, म्हणून म सोडून ग हा तिसरा स्वर. उरलेल्या दोघांत काही ओलांडायचे नाही, म्हणून म दुसरा आणि सा पहिला. पंधरावी तान : सा म ग रे. उलट जायचे असेल तर प्रत्येक स्वराच्या डावीकडे त्याच्याहून वरचे किती स्वर आहेत ते मोजायचे. रे च्या डावीकडे दोन, म्हणून २ × ६ = १२; ग च्या डावीकडे एक, म्हणून १ × २ = २; म च्या डावीकडे शून्य. बेरीज १४, त्यात एक मिळवला की १५. सात स्वरांसाठी गट ७२०, १२०, २४, ६, २, १ असे पडतात आणि ५,०४० तानांपैकी कोणतीही तान सहा पायऱ्यांत सापडते. या संख्यांचा तक्ता शार्ङ्गदेवाने दिला आहे. त्याला खंडमेरू म्हणतात.

तानांमध्ये मांडणी, तर रागांमध्ये निवड. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीताची दहा थाटांत, म्हणजे सात-सात स्वरांच्या दहा संचांत विभागणी केली. संगीताच्या परीक्षा देणाऱ्यांना एका थाटातून ४८४ राग संभवतात हे पाठ असते, पण ही संख्या कुठून आली ते क्वचितच समजावले जाते. आरोहात सातही स्वर असू शकतात, सहा किंवा पाच. सा कधी सोडता येत नाही. म्हणून एक स्वर वर्ज्य करण्याचे मार्ग ६, आणि दोन वर्ज्य करण्याचे मार्ग सहांतून दोन, म्हणजे १५. आरोहाचे प्रकार १ + ६ + १५ = २२. अवरोहाचेही २२. दोन्ही निर्णय एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून २२ × २२ = ४८४. दहा थाटांतून ४,८४०.

मध्यम आणि पंचम एकाच वेळी वर्ज्य करू नयेत हा नियम आरोह-अवरोहाला लावला की १५ चे १४ होतात आणि ४८४ चे २१ × २१ = ४४१. अशा प्रत्येक अटीने मोजणी बदलते. प्रत्यक्ष गायले जाणारे राग याहून पुष्कळ कमी आहेत, कारण रंजकता ही अट गणितात बसत नाही. उलट बाजूनेही ही मोजणी अपुरी पडते : भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच, तरी ते दोन राग आहेत. स्वरांच्या निवडीला राग मानले तर ते एकच, चलनाला राग मानले तर दोन. कोणाला वेगळे म्हणायचे हे संगीतकाराने ठरवायचे असते. गणित त्यानंतर कामाला लागते.

मांडणी वर्तुळात असली तर आणखी एक भागाकार करावा लागतो. गोंदियाहून निघून उरलेले सात तालुके फिरून गोंदियाला परतायचे असेल, तर मार्ग ७! = ५,०४०. सात स्वरांच्या ताना आणि सात तालुक्यांचे फेरे एकाच संख्येवर येतात. पण तोच फेरा उलट्या दिशेने केला तरी अंतर तेवढेच, म्हणून तपासायचे फेरे २,५२०. त्यांतला सर्वांत कमी अंतराचा शोधणे संगणकाला अगदी सोपे आहे. हेच महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांसाठी करायचे म्हटले तर मार्गांची संख्या ३५! होते आणि ती ४१ अंकी आहे. सेकंदाला एक अब्ज मार्ग तपासणारा संगणक घेतला तरी त्याला लागणारी वर्षे लिहायला तीनावर तेवीस शून्ये द्यावी लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. त्यामुळे माल पोचवणाऱ्या कंपन्या आणि एसटीचे वेळापत्रक आखणारे सगळे पर्याय तपासत बसत नाहीत. गणितज्ञ अशा ठिकाणी पर्यायांचे गठ्ठेच्या गठ्ठे बाद करण्याच्या युक्त्या शोधतात.

अशा युक्तीचा नमुना नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्येत सापडतो. १९४९ मध्ये त्यांनी दाखवले की सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या संख्येवर हेच पुन्हा करत जावे. शेवटी ६१७४ येते आणि तिथून पुढे तीच येत राहते. हे सगळ्या संख्यांसाठी खरे आहे का, हे पाहायला ०००० ते ९९९९ अशा १०,००० संख्या तपासाव्या लागतील असे वाटते. पण अंक उतरत्या-चढत्या क्रमाने मांडायचे असल्याने मूळ क्रमाला अर्थ उरत नाही. मांडण्या नकोत, निवडी हव्यात.

दहा अंकांतून चार अंकांची निवड, पुनरावृत्ती चालेल अशी, किती प्रकारे होते? चारही वेगळे : २१०. एक जोडी आणि दोन वेगळे : ३६०. दोन जोड्या : ४५. तीन सारखे आणि एक वेगळा : ९०. चारही सारखे : १०. एकूण ७१५. ताळा घ्यायचा तर प्रत्येक निवडीच्या मांडण्यांनी गुणावे : २१० × २४, ३६० × १२, ४५ × ६, ९० × ४, १० × १. सालेकसा या नावाचे १२ इथे पुन्हा आले. बेरीज ५,०४० + ४,३२० + २७० + ३६० + १० = १०,०००. एकही संख्या सुटली नाही. चारही सारखे असलेले दहा प्रकार वगळले की तपासायच्या निवडी ७०५.

आणखी खाली येता येते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक ९९९ ने गुणावा, मधल्या दोन अंकांतला फरक ९० ने गुणावा. दोहोंची बेरीज म्हणजेच वजाबाकीचे उत्तर. ६१७४ मध्ये हे फरक ६ आणि २ आहेत : ५,९९४ + १८० = ६,१७४. म्हणजे उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्यापर्यंत; अशा जोड्या २ + ३ + … + १० = ५४. दहा हजारांचे काम चौपन्नावर आले. एवढे हिशेब वही-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येतात, आणि वाचकांनी ते जरूर करून पाहावेत. सुरुवात १९४९ या सालापासूनच करावी : ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. सात पायऱ्या लागल्या. कोणत्याही संख्येला याहून जास्त लागत नाहीत.